सायबर संरक्षण कोणाचे आणि कोणापासून?

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या दिवसांत आपल्या बहुतेकांच्या मोबाइलवर एक आकडा फिरत होता. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतातील संकेतस्थळांवर १५ लाखांहून अधिक सायबर हल्ले झाले, त्यांपैकी केवळ १५० यशस्वी ठरले आणि त्यामागे सात हॅकर गट होते, असे महाराष्ट्र सायबर विभागाने जाहीर केले होते. ग्रुपवर हा आकडा विजयाच्या बातमीसारखा पुढे ढकलला गेला. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे संकेतस्थळ विद्रूप करण्यात आले होते, ही त्याच बातमीतली ओळ मात्र फार कोणी वाचली नाही.

अशा आकड्यांत बहुतेक वेळा दार ठोठावणेही हल्ला म्हणूनच मोजले जाते. एखादा प्रोग्रॅम दिवसभर हजारो संकेतस्थळांची कडी वाजवत फिरतो आणि प्रत्येक वाजवणे आकड्यात भर घालते. म्हणून १५ लाखांनी घाबरायचे कारण नाही आणि १५० वर खूश व्हायचेही नाही. कोणती दारे उघडी सापडली आणि आत काय होते, हे महत्त्वाचे. ते आपल्याला सहसा सांगितले जात नाही.

परक्या देशांनी पोसलेले हॅकर ही काल्पनिक भीती नाही, हे आधी स्पष्ट करतो. चळवळीतील काही मित्रांना हा सगळा सरकारी प्रचार वाटतो. त्यांनी पुण्यात काय घडले ते एकदा नीट पाहावे.

पुण्याची बँक आणि प्योंगयांगचे हात

कॉसमॉस बँक ही १९०६ साली पुण्यात स्थापन झालेली, देशातील मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांत या बँकेच्या कार्डांवरून २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. परदेशात १२ हजारांहून अधिक व्यवहार झाले. भारतातही २,८०० व्यवहारांतून अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक संदेश प्रणालीतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

हे कसे केले ते समजून घेतले पाहिजे. एटीएममध्ये कार्ड घातले की मशीन बँकेच्या एका मधल्या यंत्रणेला विचारते, या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? या यंत्रणेला स्विच म्हणतात. हॅकरांनी बँकेच्या खऱ्या स्विचच्या आड आपला एक खोटा स्विच उभा केला. त्यामुळे बनावट कार्डाने विचारलेला प्रश्न बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत पोहोचलाच नाही, वाटेतच 'हो, द्या' असे उत्तर मिळत गेले. ग्राहकांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत, फटका बँकेला बसला. हाँगकाँगमधले काही कोटी नंतर परत मिळाले.

वार शनिवार, कारण बँकेत माणसे कमी. आदल्याच दिवशी अमेरिकेच्या एफबीआयने जगभरातील बँकांना एटीएम लुटीची अशी मोठी मोहीम होऊ घातल्याचा गोपनीय इशारा दिला होता. इशारा होता, तरी पैसे गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने उत्तर कोरियावरील निर्बंधांच्या देखरेखीसाठी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने २०१९ च्या अहवालात कॉसमॉस बँकेचे नाव घेतले आणि ही लूट त्या देशाशी जोडली. सायबर चोरीतून उत्तर कोरियाने सुमारे दोन अब्ज डॉलर मिळवले असावेत, असा अंदाजही याच मंडळाने त्या वर्षी नोंदवला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने उत्तर कोरियाच्या लष्करी गुप्तचर संस्थेतील तिघांवर आरोपपत्र उघड केले. त्याच वेळी या टोळ्यांचा पैसा फिरवणाऱ्या कॅनडातील एकाने गुन्हा कबूल केल्याचे जाहीर झाले. त्याने फिरवलेल्या पैशांत २०१८ मध्ये भारतातील एका बँकेतून लुटलेला पैसाही होता.

हाच लाझरस गट २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८.१ कोटी डॉलर घेऊन गेला. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो बाजारातून सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी नाणी गेली आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात ती चोरीही उत्तर कोरियाच्या नावावर टाकली. वझीरएक्समध्ये पैसे अडकलेली मुले आपल्या वस्त्यांतही आहेत. पहिल्या नोकरीच्या पगारातून थोडेथोडे टाकलेले पैसे होते ते. निर्बंधांनी कोंडी झालेले एक सरकार आपला अण्वस्त्रांचा खर्च भागवायला जगभर दरोडे घालते आणि त्याची झळ पुणे-मुंबईच्या तरुणापर्यंत पोहोचते.

आता या प्रकरणाची दुसरी बाजू. शिक्षा कोणाला झाली? एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने कॉसमॉस प्रकरणी ११ जणांना दोषी ठरवले. कोल्हापूरसारख्या ठिकाणी एटीएमसमोर उभे राहून बनावट कार्डांनी नोटा काढणारे, कार्डे पोहोचवणारे हे हात होते. त्यांच्यापैकी किती जणांनी लाझरस हे नाव अटकेआधी ऐकले असेल, याबद्दल आम्हाला शंका आहे. गुन्हा गुन्हाच, त्याचे समर्थन नाही. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून एक रचना डोळ्यांसमोर येते. वरच्या टोकाला एका राज्याची लष्करी संस्था, जिला हात लागत नाही. मध्ये पैसा फिरवणारे दलाल. खालच्या टोकाला, सीसीटीव्हीसमोर, आपल्या जिल्ह्यांतला कमी शिकलेला, कमी कमावणारा तरुण.

ही रचना आजही तशीच चालू आहे, फक्त बनावट कार्डाची जागा भाड्याच्या खात्याने घेतली आहे. "तुझे बँक खाते आणि सिमकार्ड महिनाभर दे, पाच-दहा हजार मिळतील" असे सांगणारे लोक वसतिगृहांभोवती आणि नाक्यांवर फिरतात, हे वस्त्यांत काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला माहीत आहे. खाते दिले की त्यातून कोणाचा पैसा कुठे जातो हे त्या मुलाला कधीच कळत नाही. पोलीस येतात तेव्हा नाव त्याचे असते. आई-वडिलांनी कर्ज काढून शिकवलेल्या, सरकारी भरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या चारित्र्य पडताळणीत असा एक गुन्हा आला तर पुढे काय होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

अंधार नेमका कशाने झाला?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचा काळ होता, रुग्णालये जनरेटरवर गेली. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. चीनशी संबंधित 'रेडएको' नावाचा गट भारताच्या वीज यंत्रणेत शॅडोपॅड नावाचे घातक सॉफ्टवेअर वापरून शिरल्याचे त्यात म्हटले होते. मुंबईचा अंधार त्यामुळेच झाला याचा पुरावा आपल्याकडे नाही, हेही त्या कंपनीने नोंदवले होते. चीनने आरोप नाकारला.

पुढे झाले ते जास्त बोलके आहे. राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाच्या आधारे सायबर घातपाताची शक्यता मांडली. वीज यंत्रणेत १४ ट्रोजन सापडल्याचे सांगितले गेले. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, मुंबईची वीज मानवी चुकीने गेली, सायबर हल्ल्याने नाही. राज्यात एका आघाडीचे सरकार, केंद्रात दुसऱ्या पक्षाचे. एका शहराचा अंधार आणि त्याची दोन कारणे. दोन्ही बाजूंचे अहवाल लोकांसमोर ठेवून स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत, असे कोणालाच वाटले नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाबाबतही असेच झाले. आधी हल्ला शक्यच नाही असे सांगितले गेले. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने प्रशासकीय कामाच्या एका संगणकात घातक सॉफ्टवेअर सापडल्याचे मान्य केले, अणुभट्टीच्या यंत्रणेला धक्का नसल्याचा खुलासा करत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर बंद पाडले गेले. देशभरातून आलेले गरीब रुग्ण ओपीडीच्या रांगेत हाताने लिहिलेल्या कागदांवर दोन आठवडे थांबले. संगणकांच्या जाळ्याचे वेगवेगळे भाग नीट अलग केलेले नव्हते, असे सरकारने संसदेत सांगितले. एका खोलीत शिरलेला चोर सगळ्या घरात फिरू शकला, एवढाच त्याचा अर्थ. एम्सवरचा हल्ला कोणत्या देशाने केला हे सिद्ध झालेले नाही. पण अशी उघडी दारे ठेवल्यावर शत्रूला फार हुशार असावे लागत नाही.

आणि प्रत्येक फोडाफोडी कोडनेच होते असेही नाही. मे २०२३ मध्ये पुण्यात डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला एटीएसने अटक केली. समाजमाध्यमावर स्त्री असल्याचे भासवणाऱ्या पाकिस्तानी गुप्तहेराला त्यांनी गोपनीय माहिती दिली, असा आरोप आहे. खटल्याचा निकाल यायचा आहे. पण ज्यांच्या देशभक्तीवर कोणी कधी प्रश्न विचारत नाही अशा वर्गातील, इतक्या मोठ्या पदावरच्या माणसाच्या बाबतीत हे घडले, ही नोंद केलीच पाहिजे. संशयाचा कॅमेरा आपल्याकडे नेहमी कोणत्या वस्त्यांवर रोखलेला असतो, ते आपण जाणतो.

आतून येणारा ईमेल

इथे आपल्या चळवळीचा प्रश्न सुरू होतो.

१ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावच्या हिंसेनंतर एल्गार परिषद प्रकरणात १६ जणांना अटक झाली. खटल्याचा मोठा आधार संगणकांत सापडलेली पत्रे हा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकेतील न्यायवैद्यक संस्थेचा अहवाल बाहेर आला. बचाव पक्षाने त्यांच्याकडून रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची प्रत तपासून घेतली होती. अहवाल म्हणतो की १३ जून २०१६ रोजी एका ओळखीच्या माणसाच्या ईमेल खात्यातून आलेली फाइल विल्सन यांनी उघडली आणि नेटवायर नावाचे सॉफ्टवेअर आत आले. त्यानंतर सुमारे २२ महिने तो लॅपटॉप परक्या हातात होता आणि एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ती पत्रे बाहेरून ठेवली गेली. पत्रे वर्डच्या ज्या आवृत्तीत तयार झाली होती, ती आवृत्ती त्या लॅपटॉपवर नव्हतीच. ती कधी उघडली गेल्याची खूणही नव्हती. पुढे सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकांबाबतही असेच निष्कर्ष आले. स्वामींवरचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. ते ५ जुलै २०२१ रोजीच कोठडीत असताना गेले होते.

एनआयएने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत. सरकारी प्रयोगशाळेला असे सॉफ्टवेअर आढळले नाही आणि खासगी अहवाल खटल्याच्या कागदपत्रांचा भाग नाही, अशी त्यांची भूमिका आहे. अंतिम निवाडा न्यायालयाने करायचा आहे. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनेलवन या सुरक्षा कंपनीने स्वतंत्रपणे सांगितले की 'मॉडिफाइड एलिफंट' असे नाव तिने दिलेला एक गट २०१२ पासून भारतातील कार्यकर्ते, वकील, पत्रकार आणि अभ्यासक यांच्या मागे आहे आणि त्याचे काम भारतीय राज्यसंस्थेच्या हिताशी जुळते. जून २०२२ मध्ये वायर्ड या अमेरिकी नियतकालिकाने त्या हॅकिंगचा धागा पुणे पोलिसांपर्यंत जात असल्याचे वृत्त दिले.

त्याआधी २०१९ मध्ये व्हॉट्सअॅपने जगभरातील सुमारे १,४०० जणांना पेगॅससने लक्ष्य केल्याचे उघड केले. भारतातील ज्यांना कंपनीने सावध केले त्यांत डॉ. आनंद तेलतुंबडे होते. पेगॅसस बनवणारी इस्रायली कंपनी आपला माल फक्त सरकारांना विकतो असे म्हणते. मग भारतीय नागरिकांच्या फोनसाठी ग्राहक कोण होता, या साध्या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर केंद्राने दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला २९ फोनपैकी पाचमध्ये घातक सॉफ्टवेअर आढळले, ते पेगॅससच होते हे ठरवता आले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे ऑगस्ट २०२२ मध्ये सरन्यायाधीशांनीच न्यायालयात वाचून दाखवले. एप्रिल २०२५ मध्ये याच न्यायालयात असे मत व्यक्त झाले की देशाने सुरक्षेसाठी स्पायवेअर बाळगण्यात गैर नाही, प्रश्न ते कोणाविरुद्ध वापरले हा आहे. आमचाही प्रश्न तोच आहे.

ऑक्टोबर २०२३ अखेरीस अॅपलने अनेक विरोधी पक्षनेत्यांना इशारा पाठवला की 'राज्य-पुरस्कृत हल्लेखोर' तुमच्या फोनमागे असू शकतात. कंपनीने कोणत्याही देशाचे नाव घेतले नव्हते. सरकारने चौकशी जाहीर केली आणि असे इशारे दीडशे देशांत गेल्याचे सांगितले. त्या शब्दाला दोन टोके आहेत हे मात्र त्या दिवशी सगळ्यांना कळले. राज्य दुसऱ्याचेही असते, आपलेही असते.

विल्सन आणि सुधीर ढवळे यांना सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. तोवर आरोपनिश्चितीही झालेली नव्हती. लॅपटॉपमध्ये कोणी काय ठेवले याची खात्री न होता माणसाच्या आयुष्यातली सहा वर्षे जाऊ शकतात. सायबर सुरक्षेचा विषय चळवळीच्या दारात येतो तो असा.

पहारेकऱ्याला कोण विचारणार?

देशाचे सायबर संरक्षण अनेक संस्थांत वाटलेले आहे. सर्ट-इन २००४ पासून काम करते. वीज, बँका, दूरसंचार अशा कळीच्या यंत्रणांसाठी २०१४ पासून एनसीआयआयपीसी आहे, ती एनटीआरओ या गुप्तचर संस्थेखाली येते. सैन्यदलांची संरक्षण सायबर संस्था २०१९ ची. राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण २०१३ चे. तेव्हा यूपीआय नव्हते, गावोगावी स्मार्टफोन नव्हता. नव्या धोरणाचा मसुदा २०२० च्या आसपास तयार झाला, पण तो लोकांपुढे आला नाही.

एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने आदेश काढला की कोणत्याही संस्थेने हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत आपल्याला कळवावा. चांगला आदेश आहे. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनलाच माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेबाहेर काढले गेले. म्हणजे बँक, रुग्णालय, वीज मंडळ यांनी सर्ट-इनला सांगायचे आणि सर्ट-इनने आपल्याला काही सांगायचे बंधन नाही. कोणाचा फोन ऐकायचा याची परवानगी गृहसचिव दर्जाचा अधिकारी देतो आणि तिचा आढावा अधिकाऱ्यांचीच समिती घेते. त्या साखळीत न्यायाधीश नाही. गुप्तचर संस्थांवर संसदेची कायदेशीर देखरेख नाही.

सुरक्षेचे तपशील जगजाहीर केले तर शत्रूला फायदा होईल, असे यावर सांगितले जाते. काही तपशिलांबाबत ते खरे आहे. कोणता सर्व्हर कुठे आहे हे आम्हाला नको आहे. पण एम्सच्या जाळ्यातील ढिलाई शत्रूला आधीच सापडली होती, माहीत नव्हती ती फक्त रुग्णांना. झाकलेली चूक दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा होते, कारण पहिल्या रुग्णालयाचा धडा कोणी वाचलेलाच नसतो. आणि ज्या यंत्रणेकडे माणसे व पैसा आधीच अपुरा आहे तिने लॅझरस आणि रेडएको यांच्या मागे राहायचे की प्राध्यापक आणि वकिलांचे ईमेल चाळायचे, हा प्राधान्याचा प्रश्न आहे. फोनमधली भगदाडे बुजवण्याऐवजी ती स्वतःच्या वापरासाठी उघडी ठेवणारे सरकार ती परक्या हॅकरांसाठीही उघडीच ठेवत असते.

यात आपल्या समाजाचा आणखी एक पैलू आहे, ज्याची चर्चा होत नाही. राज्यावर जो जास्त अवलंबून, त्याची जास्त माहिती राज्याकडे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी जात, वडिलांचे उत्पन्न, आधार, बँक खाते, गुणपत्रिका, सगळे एका जागी देते. खासगी विद्यापीठात फी भरून जाणाऱ्या मुलाला यातले निम्मेही द्यावे लागत नाही. अशी भांडारे फुटली तर पासवर्ड बदलता येईल, जात बदलता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती फुटल्यास संबंधित व्यक्तीला कळवण्याचे बंधन आणले, पण सरकारला आपल्या संस्थांना या कायद्यातून सूट देण्याची मुभाही त्याच कायद्यात ठेवली.

कार्यकर्त्यांनी काही गोष्टी आजपासून कराव्यात. ओळखीच्या नावाने आलेली फाइलही फोन करून खात्री केल्याशिवाय उघडू नका, विल्सन प्रकरणातला ईमेल ओळखीच्या खात्यातूनच आला होता. फोन आणि लॅपटॉपचे अपडेट टाळू नका. धोक्यात असलेल्यांनी आयफोनमधला लॉकडाउन मोड सुरू ठेवावा. अॅपल किंवा व्हॉट्सअॅपकडून इशारा आला तर घाबरून फोन फॉरमॅट करू नका, पुरावा पुसला जातो. आधी वकील आणि जाणकाराला दाखवा. पैशाची फसवणूक झाली तर १९३० वर लगेच फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात. आणि खाते भाड्याने देऊ नका, मित्राला सुद्धा.

एक काम मात्र एकट्याने होणारे नाही. कॉसमॉसच्या लुटीनंतर दोन महिन्यांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट ठरवली आणि डिसेंबर २०१९ मध्ये बँकांची त्यानुसार चार स्तरांत विभागणी केली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कोणत्या ना कोणत्या सहकारी बँकेचा शेअर दाखला ट्रंकेत पडलेला आहे. तो सभासदाचा हक्क आहे. या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत चहा-वडा घेऊन परत येण्याआधी उठून विचारा: आपली बँक कोणत्या स्तरात आहे, शेवटची सायबर तपासणी कधी झाली, आणि शनिवारी दुपारी स्विचवर लक्ष कोण ठेवते?